दंडघेर, वजन की उंची? एका मुलीचे चार निकाल

प्रश्न डोंगराळ आदिवासी तालुक्यातल्या एका अंगणवाडी पर्यवेक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: १६ महिन्यांची मुलगी. वजन ६.६ किलो, लांबी ७० सेंमी, दंडघेर ११.२ सेंमी, पायांवर सूज नाही. सेविकेनं दंडाला पट्टी लावली तर लाल रंग आला. आईची समजूत घालून, गाडीची सोय करून मुलीला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. तिथे उंचीनुसार वजन काढलं आणि 'ही सॅम (अतितीव्र कुपोषित) नाही, मॅम (मध्यम कुपोषित) आहे' म्हणून त्याच दिवशी परत धाडलं. अंगणवाडीच्या नोंदीत हीच मुलगी वयानुसार वजनात 'तीव्र कमी वजन' आणि वयानुसार उंचीत 'तीव्र खुजी' दिसते. ताई विचारतात, 'चार मापं, चार निकाल. खरं कुठलं मानायचं? आणि आई आता पुन्हा यायला तयार नाही, तिला काय सांगू?'

ताई, निकाल आधी सांगतो, कारणं मागून. ही मुलगी सॅम आहे. सेविकेनं केलं ते बरोबर केलं.

सहा ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००९ साली मिळून जे निकष दिले, ते तीन आहेत. उंचीनुसार वजन उणे तीन झेडच्या खाली (झेड म्हणजे काय ते पुढे सांगतो), दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यावर खड्डा पडणारी सूज. मधला शब्द 'किंवा' आहे, 'आणि' नाही. एक निकष लागला की मूल सॅम. आपल्याकडच्या पुनर्वसन केंद्रांसाठी २०११ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दंडघेर हा स्वतंत्र निकष म्हणून आहे. म्हणजे दंडघेरावर सॅम ठरलेल्या मुलाला उंची-वजनाच्या तक्त्यातून पुन्हा पास व्हायला लावणं चुकीचंच.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या बाजूनं सांगायला हवी. सॅम असणं आणि भरती करावी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूक चांगली आहे, ताप नाही, धाप नाही, उलट्या-जुलाब नाहीत, मूल सुस्त नाही, अशा सॅम मुलाला गावातच ग्राम बाल विकास केंद्रात ठेवून उपचार करता येतात. केंद्रानं भूक चाचणी (समोर दिलेला आहार मूल खातं का ते बघणं) घेऊन 'हिला भरतीची गरज नाही, गावात उपचार करा' असं लिहून दिलं असतं तर कुणाचीच तक्रार नसती. पण 'सॅम नाही' म्हटल्यावर ती मुलगी यादीतूनच बाहेर पडते, आणि खरं नुकसान तिथे होतं.

आता चार निकाल वेगळे का येतात ते बघू. झेडचा अर्थ आधी सांगतो, कारण प्रशिक्षणात तो घाईत उरकला जातो. निरोगी, नीट दूध-आहार मिळालेल्या मुलांची मापं घेतली की एक मधलं माप मिळतं आणि त्याच्या वर-खाली मुलं किती पसरलेली असतात तेही कळतं. त्या पसरण्याच्या एककात आपलं मूल मधल्या मापापासून किती खाली आहे, तो झेड. आज आपण वापरतो ते तक्ते जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणची मुलं मापली होती: ब्राझीलमधलं पेलोतास, घानातलं अक्रा, नॉर्वेतलं ओस्लो, ओमानमधलं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. 'हे गोऱ्यांच्या पोरांचे तक्ते' असं कुणी म्हणालं तर दिल्लीचं नाव जरूर सांगा.

वयानुसार वजन हे अंगणवाडीचं सगळ्यात जुनं माप. जुन्या सेविका अजून 'ग्रेड तीनचं पोर, ग्रेड चारचं पोर' म्हणतात. ती भारतीय बालरोग अकादमीची १९७२ ची प्रतवारी होती: अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांच्या वर ते ठीक, ७१ ते ८० पहिली श्रेणी, आणि असं उतरत ५० टक्के नि त्याखाली चौथी. तक्ते बदलले, टक्क्यांच्या जागी झेड आला, पण मापाचा स्वभाव तोच राहिला. वजन कमी असण्यामागे दोन वेगवेगळी कारणं असू शकतात. मूल बारीक आहे, किंवा मूल ठेंगणं आहे. वयानुसार वजन दोन्ही एकत्र करून एक आकडा देतं, आणि त्यातलं कुठलं ते सांगत नाही.

उदाहरण घ्या. दोन वर्षांची मुलगी, लांबी ७६ सेंमी, वजन ८.८ किलो. या वयाच्या मुलीची उणे दोनची रेषा ९ किलोवर आहे, म्हणजे ही 'मध्यम कमी वजन'. लांबी बघाल तर उणे तीनच्याही खाली, तीव्र खुजी. पण ७६ सेंमी लांबीला ८.८ किलो हे वजन अगदी व्यवस्थित आहे. तिला लुकडी (उंचीच्या मानानं वजन कमी) म्हणून भरती करून जास्त उष्मांकाचा आहार चारला तर तिची चरबी वाढेल, उंची नाही.

आता उलटं. तीन वर्षांचा मुलगा, उंची ९९ सेंमी, वजन ११.५ किलो. वयानुसार वजनाची उणे दोनची रेषा त्याच्यासाठी ११.३ वर आहे, म्हणजे तो वजनाच्या आलेखात हिरव्या, ठीक असलेल्या पट्ट्यात. सेविका समाधानानं ठिपका देते. पण ९९ सेंमी उंचीच्या मुलाला ११.५ किलो म्हणजे उणे तीनच्याही खाली. हा मुलगा सॅम आहे आणि नुसत्या वजनकाट्यावर तो कधीच सापडणार नाही. आदिवासी पाड्यांत असा उंच मुलगा कमी दिसतो, शहरी वस्त्यांत नि बालवाड्यांत बऱ्यापैकी दिसतो.

मग वयानुसार वजन टाकून द्यायचं का? मुळीच नाही. त्याचा खरा उपयोग एका ठिपक्यात नाही, ठिपक्यांच्या रेषेत आहे. डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरांनी नायजेरियातल्या इलेशा गावात काम करताना हे वृद्धी पत्रक (दर महिन्याच्या वजनाचा आलेख) रूढ केलं, आणि त्यांचा सगळा भर रेषा कुठे वळते यावर होता. हिरव्यात असलेल्या मुलाचं वजन लागोपाठ दोन महिने वाढलं नाही तर तो ठिपका हिरवा असूनही धोक्याचा. उलट पिवळ्यात असून दर महिन्याला आपल्या रेषेला धरून चढणारं मूल बहुधा ठीक चाललंय. आपल्या मासिक अहवालात रेषेचा रकानाच नसतो, फक्त रंगांची बेरीज असते, हे माझं जुनं दुखणं आहे.

वयानुसार उंचीबद्दल थोडक्यात. खुजेपणा हा गेल्या कित्येक महिन्यांचा, बऱ्याचदा आईच्या गरोदरपणापासूनचा हिशोब आहे. तो महत्त्वाचा आहे, पण या आठवड्यात कुणाला कुठे पाठवायचं हे त्यावरून ठरत नाही. तालुक्याचं नियोजन, गरोदर मातांचा आहार, पहिली दोन वर्षं, स्वच्छ पाणी, वारंवारचे जुलाब, यांची बातमी तो देतो. आणि त्याला वय अचूक लागतं. ज्या घरात जन्मतारीख 'होळीच्या आधी, पंधरा-वीस दिवस' अशी सांगतात, तिथे तीन महिन्यांची चूक सहज होते आणि एक अख्खी श्रेणी बदलते.

उंचीनुसार वजनाला वय लागत नाही. मूल आत्ता, या घडीला, आपल्या आकाराच्या मानानं किती आटलंय हे ते सांगतं. कागदावर हे सगळ्यात शास्त्रशुद्ध माप. पण पाड्यावर सगळ्यात जास्त चुकणारं मापही हेच, आणि ते चुकतं उंचीमुळे. इथे जरा थांबतो.

दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मापायचं. इन्फँटोमीटर, म्हणजे लांबी मापायची फळी, जमिनीवर किंवा पक्क्या टेबलावर. दोन माणसं लागतात, एका माणसाचं हे काम नाही. एकजण डोक्यामागे बसून दोन्ही हातांनी डोकं धरतो, डोकं फळीला टेकलेलं, नजर सरळ वर. दुसरा गुडघ्यांवर हलका दाब देऊन पाय सरळ करतो आणि सरकती फळी दोन्ही तळव्यांना टेकवतो. तळवे काटकोनात, बोटं वर. मूल रडतंय, पाय आखडतंय, आई म्हणतेय 'असू द्या हो', बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतोय. अशा वेळी मापणारा एकच पाय पकडून, गुडघा अर्धवट वाकलेला असताना आकडा वाचतो. लांबी खरीपेक्षा कमी येते. आणि लांबी कमी आली की तेवढंच वजन त्या लांबीला जास्त वाटतं. म्हणजे वाकलेला गुडघा मुलाला कागदावर गुबगुबीत करतो.

तुमच्या मुलीकडे याच नजरेनं बघा. ७० सेंमीला मुलीची उणे दोन आणि उणे तीन यांतलं अंतर सगळं मिळून ६०० ग्रॅमच्या आसपास आहे. एक सेंमी लांबी इकडची तिकडे झाली की रेषा दीडशे-दोनशे ग्रॅमनी सरकते. तिची खरी लांबी ७२ असेल, तर उणे तीनची रेषा साधारण ३०० ग्रॅमनी वर जाते आणि ६.६ किलोची ही मुलगी थेट त्या रेषेला टेकते. ती रडत होती का, मापायला किती जण होते, हे मला माहीत नाही. पण दोन सेंमीच्या चुकीवर सॅमचं मॅम होत असेल तर त्या एका आकड्यावर विसंबून मुलीला परत पाठवणं धाडसाचं आहे.

उलट्या दिशेची चूकही असते. अंबाडा न सोडता, टाचा उचललेल्या, चप्पल तशीच, अशी उभी मापली की मुलगी उंच भरते आणि उगाच लुकडी ठरते. दोन वर्षांखालच्या मुलाला नाइलाजानं उभं मापलंच तर ०.७ सेंमी मिळवायचे, आणि दोन वर्षांवरच्याला झोपवून मापलं तर ०.७ वजा करायचे. हा नियम फार जणांना माहीत नसतो.

वजनाच्या चुका त्या मानानं साध्या. झोळी किंवा चड्डी आधी अडकवून मग काटा शून्यावर आणायचा. स्वेटर, टोपरं, वाळे, करदोटा, जाड दुपटं काढायचं. साल्टर काट्याची (टांगायच्या वजनकाट्याची) खूण १०० ग्रॅमची असते, त्यावर डोळा समोर ठेवून वाचायचं. महिन्यातून एकदा माहीत असलेलं वजन टांगून काटा तपासायचा. किराणा दुकानातलं शिक्का मारलेलं पाच किलोचं वजन आणलं तरी पुरे.

नोंदवही खरी की ढकललेली हे ओळखायची एक युक्ती देतो, पर्यवेक्षिकेच्या कामाची. उंचीच्या रकान्यात दशांश चिन्हानंतरचा आकडा बघत जा. नीट मापलं असेल तर ० ते ९ सगळे आकडे साधारण सारखे येतात. पान भरून ७०.०, ७२.५, ६८.०, ७५.० असंच असेल तर माप अंदाजानं घेतलंय किंवा घेतलंच नाही. दुसरी खूण, मागच्या महिन्यापेक्षा उंची कमी झालेलं मूल. तिसरी, सगळ्या मुलांचं वजन बरोबर २०० ग्रॅमनी वाढलेलं.

दंडघेराकडे येऊ. डाव्या हाताचा कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर घ्यायचं, मधोमध पेनानं खूण करायची, मग हात मोकळा सोडून खुणेवर पट्टी गुंडाळायची. सैल नको, मांस दाबलं जाईल इतकी घट्ट नको. खिडकीत दिसणारा आकडा मिलिमीटरमध्ये लिहायचा. फक्त रंग लिहून थांबू नका. कारण रंगांच्या सीमा काळानुसार बदलल्या आहेत. १९७४ मध्ये शाकीर आणि मॉर्ले यांनी बगदादच्या कामातून जी तिरंगी पट्टी मांडली तिच्या सीमा १२.५ आणि १३.५ होत्या. पुढे बऱ्याच ठिकाणी तीव्रची सीमा ११ झाली, २००९ पासून ११.५. आता ११.५ खाली लाल, ११.५ ते १२.५ खाली पिवळा. जुन्या पेटीतून निघालेली पट्टी कुठल्या जमान्यातली आहे कोण जाणे, म्हणून आकडा लिहायचा. नवी पट्टी आली की एकदा स्टीलच्या मोजपट्टीला लावून बघा, स्थानिक छपाईत दोन-तीन मिलिमीटरची गफलत मी बघितली आहे. पावसात भिजलेली कागदी पट्टी सरळ फेकून द्या.

दंडाचा घेरच का? एक ते पाच वर्षांत मुलाची उंची भराभर वाढते, पण निरोगी मुलाच्या दंडाचा घेर त्या मानानं फार थोडा बदलतो. म्हणून वय नेमकं माहीत नसलं तरी एकच सीमा चालते. आपल्याकडच्या बालरोगाच्या पुस्तकांत बांगडीची चाचणी असायची: आतला व्यास चार सेंमी असलेली बांगडी मुलाच्या हातातून कोपराच्या वर चढली तर मूल कुपोषित. गणित करून बघा, चार सेंमी व्यासाचा परीघ १२.५६ सेंमी येतो. आजच्या पिवळ्या पट्ट्याची वरची सीमा १२.५. बांगडी आणि पट्टी एकच गोष्ट सांगत होत्या.

दंडघेराचं दुसरं बळ असं की पुढच्या काही महिन्यांत कुठलं मूल दगावण्याची शक्यता जास्त, हे गावपातळीवर तो उंचीनुसार वजनापेक्षा चांगलं सांगतो. सेनेगल आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे. दंडावर मुख्यतः स्नायू आणि चरबी मोजली जाते, आणि आजारात मूल त्याच शिदोरीवर तगतं. शिवाय एकच सीमा असल्यामुळे तो लहान वयाच्या नि खुज्या मुलांना जास्त पकडतो. काही जण याला दोष म्हणतात. मला तो दोष वाटत नाही, मरणारी मुलंही बहुतेक त्याच वयाची असतात.

पण त्याची दुसरी बाजू मघाचा तीन वर्षांचा उंच मुलगा. त्याचा दंडघेर १२.८ भरू शकतो, आणि पट्टी हिरवी दाखवून मोकळी होते. दोन निकष दोन वेगळ्या गटांतली मुलं शोधतात. २०१६ मध्ये ४७ देशांतल्या सर्वेक्षणांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. एकूण सॅम मुलांपैकी दोन्ही निकषांवर सॅम ठरणारी मुलं जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकी निघाली. आपल्याकडेही तेच दिसतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालची लुकडी मुलं उंचीनुसार वजनावर सुमारे १७ टक्के होती, दंडघेरावर त्याहून बरीच कमी. तेव्हा 'दोन्हींत बसलं तरच सॅम' असा नियम कुणी मनानं लावला तर बहुसंख्य सॅम मुलं घरी जातात. तुमच्या केंद्रात नेमकं हेच होतंय असं दिसतं.

या मुलीबद्दल आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. ती लुकडीही आहे आणि खुजीही. उंचीनुसार वजनात उणे दोनच्या खाली, वयानुसार उंचीत उणे तीनच्या खाली. दोन्ही एकत्र असलेल्या मुलांचा मृत्यूचा धोका नुसत्या लुकड्या मुलांपेक्षा बराच जास्त असतो, जवळजवळ तीव्र लुकड्या मुलांइतका. मार्क मायट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की अशी मुलं वयानुसार वजनात हमखास कमी भरतात. म्हणजे वयानुसार वजन, ज्याला आपण 'जुनं, गोंधळलेलं माप' म्हणून बाजूला सारत होतो, ते अशा मुलांना शोधायला कामी येतं. दंडघेर आणि वयानुसार वजन या जोडीला इन्फँटोमीटर लागत नाही, दोन माणसं लागत नाहीत. पाड्यावर पहिल्या चाळणीसाठी मी हीच जोडी वापरा म्हणेन. उंचीनुसार वजन हे दुसऱ्या टप्प्यावर, उपकेंद्रात किंवा आरोग्य पथक येईल तेव्हा, नीट फळी लावून. तिथेही ते नवी मुलं शोधायला वापरायचं, सापडलेली बाद करायला नाही.

सूज विसरू नका. आपल्या भागात सुजेचं कुपोषण सुकटीपेक्षा (अंग आटून जाणाऱ्या कुपोषणापेक्षा) कमी दिसतं, म्हणून ती बघायचीच राहून जाते. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्यांनी तीन सेकंद दाबायचं आणि बोट काढल्यावर खड्डा राहतो का बघायचं. दोन्ही पायांवर खड्डा राहिला की बाकी सगळी मापं बाजूला ठेवा. अंगातलं पाणी वजनही फुगवतं. अशा मुलाचा आलेख हिरवा दिसू शकतो आणि आई म्हणते, 'आता जरा भरलंय पोर'.

आणि 'नुसतं बघून कळतं' म्हणणाऱ्यांसाठी: नाही कळत. बरगड्या, ढुंगणाच्या सुरकुत्या, म्हातारं तोंड ही चिन्हं दिसतात तोवर फार उशीर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सुधारित शिफारशींमध्ये सहा महिन्यांवरच्या मुलांसाठी नजरेचा निकष काढूनच टाकला.

सहा महिन्यांखालच्या बाळांना वरचं काहीच तसंच्या तसं लावू नका. ४५ सेंमीपेक्षा कमी लांबीसाठी उंचीनुसार वजनाचा तक्ताच नाही. २०२३ च्या जागतिक मार्गदर्शनात सहा आठवडे ते सहा महिने वयासाठी ११ सेंमीखालचा दंडघेर आणि वयानुसार वजन उणे दोनखाली, ही धोक्याची चिन्हं मानली आहेत. पण त्या वयात मापाइतकंच बाळ छातीला कसं लागतं हे बसून बघणं गरजेचं.

तालुक्याच्या आकड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बैठकीत तुम्हाला विचारतील म्हणून सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.६ टक्के मुलं लुकडी होती, १०.९ टक्के तीव्र लुकडी, ३५.२ टक्के खुजी. देशाचा लुकडेपणा १९.३ टक्के. पोषण ट्रॅकरवरून (अंगणवाड्यांच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप) संसदेत दिल्या गेलेल्या देशाच्या आकड्यांत मात्र लुकडेपणा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास दिसतो. सर्वेक्षण वेगळं, नमुना वेगळा, ऋतू वेगळा, हे सगळं धरूनही एवढी दरी माझ्या गळी उतरत नाही. सर्वेक्षणांतही गोंगाट असतो. मापं ढिसाळ असली की झेडचा पसारा रुंदावतो आणि दोन्ही टोकांना मुलं फुगतात. पण अंगणवाडीत सॅम मूल दाखवलं की त्यापाठोपाठ वाढीव नोंदी, फोन, 'का वाढले?' म्हणून नोटीस. असं असेल तर माप रेषेच्या जरा वरच येणार. त्यात सेविकेचा काय दोष? सॅम मूल सापडल्याबद्दल तिला एकदा शाबासकी देऊन बघा, आकडे लगेच हलतील.

आणि मोहीम कधी घेता यालाही महत्त्व आहे. स्थलांतरित कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात, होळीला परततात. जानेवारीत पाड्यावर असतात ती तुलनेनं बऱ्या घरची मुलं. होळीनंतर एक फेरी आणि पावसाळ्यात, जुलाब-तापाच्या दिवसांत एक फेरी, या दोन घेतल्याच पाहिजेत.

आईला काय सांगायचं? पहिलं म्हणजे केंद्रानं परत पाठवलं ही तिची चूक नाही आणि सेविकेचीही नाही. तिच्याशी सॅम-मॅम बोलू नका. पट्टी तिच्या हातात द्या, तिलाच मुलीच्या दंडाला लावू द्या, मग शेजारच्या त्याच वयाच्या धडधाकट पोराला लावायला सांगा. नायजरमध्ये मातांना पट्टी देऊन घरीच मापायला शिकवलं तेव्हा त्यांची मापं आरोग्य कार्यकर्त्यांच्या तोडीची आली. आपल्या आयांना ते जमणार नाही असं समजायचं कारण नाही.

मुलीची भूक चाचणी गावातच, आरोग्य सेविकेसमोर घ्या. खाते आहे, अंगात ताप नाही, छातीत धाप नाही, तर ग्राम बाल विकास केंद्रात दाखल करून जास्त उष्मांकाचा आहार सुरू करा, वजन आणि दंडघेर दर आठवड्याला. भूक नसेल किंवा यातलं एकही लक्षण दिसलं तर पुन्हा भरतीसाठी न्या. चिठ्ठीवर 'लाल' असं न लिहिता 'दंडघेर ११२ मिमी, २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सॅम' असं स्पष्ट लिहा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी फोन करून ठेवा. बरी झाली हे ठरवायचंही त्याच मापावर: दंडघेर १२.५ किंवा वर, आणि किमान दोन आठवडे सूज नाही. दाखल दंडघेरावर करायचं आणि उंचीनुसार वजन बरं दिसलं म्हणून मध्येच सोडून द्यायचं, असं करू नका. तिच्या बाबतीत उंचीनुसार वजन उणे दोनच्या वर बहुधा दंडघेराच्या आधी येईल, आणि तेव्हा आहार बंद करायची घाई होईल. त्या वेळी चिठ्ठीची एक प्रत तुमच्याजवळ असू द्या.